माळेतला रुपया

होळीच्या तोंडावर भरणाऱ्या धडगावच्या भोंगऱ्या बाजारात गळ्यात चांदीच्या रुपयांची माळ घालून फिरणाऱ्या बाईला, हे रुपये खरे का, असं कुणी विचारत नाही. तो प्रश्न येतो जूनमध्ये. बियाणं घ्यायचं असतं, खत घ्यायचं असतं, घरात कुणी आजारी असतं, आणि तीच माळ फडक्यात बांधून तळोद्याच्या किंवा शहाद्याच्या सराफाच्या काउंटरवर येते. पलीकडचा माणूस एक रुपया दोन बोटांत धरतो, उलटापालटा करतो आणि म्हणतो, "मावशी, यातले सगळे चांदीचे नाहीत बरं का." कधी ही शंका खरी असते, कधी भाव पाडण्याची सुरुवात. माळ आणणाऱ्या बाईला दोन्हींतला फरक कळायला मार्ग नसतो.

खोट्या नाण्यांवर जे काही लिहिलं जातं ते बहुतेक संग्राहकांसाठी. तिथे धोका एकच: खोटं नाणं खरं म्हणून गळ्यात पडण्याचा. नंदुरबार जिल्ह्यात त्याहून मोठा धोका उलटा आहे, खरा रुपया खोटा म्हणून हातचा जाण्याचा. इथल्या भिल्ल, पावरा कुटुंबांत चांदी ही हौस थोडी आणि ठेव जास्त. हासळी, कडी, कमरेचा साखळ, रुपयांची माळ हे सगळं अडीअडचणीला गहाण पडतं, ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला जाण्याआधी मोडलं जातं, लग्नात देज, म्हणजे वधूमूल्य, म्हणून दिलं-घेतलं जातं. बँकेच्या पासबुकावरची रक्कम वाचता येते. माळेवरची रक्कम वाचायची तर नाणं वाचता यायला हवं. ते अवघड नाही, एवढंच मला या लेखात दाखवायचं आहे.

सुरुवात वजनापासून. १८३५ साली ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला: वजन १८० ग्रेन, म्हणजे आजच्या हिशोबात ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी, एक भाग तांबं व इतर धातू. १८० ग्रेन म्हणजेच एक तोळा. त्यामुळे रुपया हे नाणंही होतं आणि मापही. ऐंशी रुपयांचा एक शेर. गावात वजनं नसली तरी रुपये असत, आणि 'रुपयाभार' चांदी, 'रुपयाभार' औषध असं सर्रास बोललं जाई. हे प्रमाण १८३५ पासून १९३९ पर्यंत, चौथ्या विल्यमपासून सहाव्या जॉर्जपर्यंत, बदललं नाही. एकशे चार वर्षं एकच वजन आणि एकच टंच. जगातल्या फार थोड्या नाण्यांना हे जमलं असेल. अशा एका रुपयात शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम असते. वापराने झिजलेला राणीछाप ११.४ किंवा ११.५ भरतो, त्यात काही वावगं नाही. पण दहा ग्रॅमच्या आत भरला, आणि कडेला तासलेला, कापलेला दिसत नसला, तर मात्र थांबायचं.

दुसरी गोष्ट साल. माळेतले रुपये बहुतेक चार जणांचे असतात. व्हिक्टोरियाचे सर्वांत जास्त दिसतात. १८७६ पर्यंत तिच्या चेहऱ्याभोवती इंग्रजीत 'क्वीन' लिहिलेलं असतं, १८७७ पासून 'एम्प्रेस'. त्यामुळे 'एम्प्रेस' लिहिलेला आणि १८६२ साल असलेला रुपया कुणी दाखवला तर भिंग काढायचीही गरज नाही. १८६२ या सालाची एक गंमत आहे. त्या साली ठसा बदलला आणि पुढची बारा-एक वर्षं टाकसाळीने नाण्यावरचं सालच बदललं नाही. आतल्या खेपा ओळखायला बारीक ठिपके तेवढे टाकले. म्हणून १८६२ चे रुपये ढिगाने सापडतात, आणि 'एकाच सालाचे इतके कसे, नक्की खोटे' हा तर्क तिथे चुकतो. सातवा एडवर्ड १९०३ ते १९१०, दाढीवाला, डोक्यावर मुकुट नसलेला. पाचवा जॉर्ज १९११ ते १९२२. नंतर रुपये पुष्कळ साठले होते म्हणून चांदीचा रुपया पाडणंच थांबलं. १९२८ चा पाचव्या जॉर्जचा रुपया कुणी अप्रूप म्हणून दाखवला तर अप्रूप हे की दाखवणाऱ्याला लाज वाटत नाही.

पाचव्या जॉर्जचा १९११ चा रुपया तर वेगळ्याच कारणाने गाजला. राजाच्या अंगरख्यावर हत्ती कोरला होता, पण सोंड इतकी आखूड आणि पाय इतके बुटके की लोकांना तो डुक्कर वाटला. हिंदू आणि मुसलमान दोघांचाही रोष ओढवेल असं नाणं सरकारने घाईने मागे घेतलं; पाडलेल्या सुमारे ९४ लाखांपैकी सातेक लाखच बाजारात गेले होते. १९१२ पासून हत्ती नीट सोंडेचा झाला. संग्राहक १९११ च्या रुपयाला जास्त पैसे देतात, म्हणून त्याची नक्कलही जास्त होते. माळ मोडणाऱ्या बाईच्या दृष्टीने मात्र १९११ आणि १९१२ दोन्ही सारखेच, १०.६९ ग्रॅम.

सहाव्या जॉर्जपाशी खरी अडचण सुरू होते. १९३८ आणि १९३९ चे त्याचे रुपये जुन्याच टंचाचे, आणि १९३९ चा तर इतका दुर्मीळ की आठाचा नऊ करून विकण्याचा उद्योग जुना आहे. पण १९४० ते १९४५ चे रुपये निम्म्या चांदीचे: पन्नास टक्के चांदी, चाळीस टक्के तांबं, पाच-पाच टक्के निकेल आणि जस्त. महायुद्ध चालू होतं, चांदी महाग झाली होती. वजन तेच ११.६६, आकार जवळपास तोच, चेहरा तोच. ओळखायची खूण कडेवर आहे. १९४० पासून कडेच्या दात्यांच्या मधोमध एक खोबण घातली, नकली नाणी ओतणाऱ्यांना ती साधू नये म्हणून. बोटाच्या नखाने कड चाचपली की जुनी आणि नवी कड वेगळी लागते. डोळ्यांना दिसत नसलेल्या म्हाताऱ्या बाईलाही ती कळेल.

आता हिशोब पाहा. १९४० नंतरच्या रुपयात शुद्ध चांदी ५.८३ ग्रॅम. चाळीस रुपयांच्या माळेत सगळे जुने असतील तर चांदी सव्वाचारशे ग्रॅमच्या वर जाते, सगळे नवे असतील तर सव्वादोनशेच्या थोडी वर. फरक १९४ ग्रॅमचा. चांदी किलोला लाखाच्या वर गेल्यापासून हा फरक एका बैलाच्या किमतीकडे झुकू लागला आहे. माळेत मिसळ असेल आणि सराफाने सगळ्यांना एकच 'पन्नास टंच' लावला, तर एकही रुपया खोटा नसताना बाई फसली. उलट, सगळ्यांना एकच 'नव्वद' लावून माळ विकत घेणारा हौशी पाहुणाही तितकाच फसतो. खरेखोटेपणाच्या आधी वर्गवारी करायला हवी ती यासाठी.

आणि एक रुपया असा आहे की जो चुंबकाला चिकटतो आणि तरी खरा असतो: १९४७ चा, मागे वाघ असलेला. तो निकेलचा आहे. चांदीचा नाही, पण सरकारनेच पाडलेला. चुंबक घेऊन फिरणाऱ्या हौशी परीक्षकांच्या हाती हा वाघ सापडला की ते त्याला नकली ठरवून मोकळे होतात.

पेढीवर नाणं पारखायच्या रीती तीन-चार. पहिली, वाजवून. रुपया दगडावर किंवा काचेवर टाकायचा आणि कान द्यायचा. ठशाने पाडलेल्या चांदीचा आवाज लांब घुमतो, शिशा-कथलाचा थबकन बसतो. दुसरी, कस. काळ्या दगडावर नाणं घासून रेघ ओढायची, शेजारी माहितीच्या टंचाची रेघ ओढायची, दोन्हींवर तेजाबाचा थेंब. रेघ कशी विरघळते ते पाहून अनुभवी डोळा टंच सांगतो. विरघळलेल्या थेंबात मिठाचं पाणी टाकलं आणि दुधासारखी पांढरी साय धरली, तर चांदी आहे हे नक्की. तांब्यापितळेला ती धरत नाही. तिसरी रीत म्हणजे वजन. चौथी आता आली आहे, क्ष-किरणांचं यंत्र: नाणं पेटीत ठेवलं की आकडे पडद्यावर.

या सगळ्या रीती सुट्या, स्वच्छ नाण्यासाठी आहेत. माळेतला रुपया तसा नसतो. त्याला वर कडी झाळलेली असते, कधी मागच्या बाजूला नाकं, कधी दोन रुपये एकमेकांना जोडलेले. झाळलेलं नाणं नीट वाजत नाही, अगदी मुंबईच्या टाकसाळीत पाडलेलं असलं तरी. वजनात कडी मिसळते. कस लावताना रेघ झाळीवर ओढली गेली तर टंच खाली दिसतो, कारण झाळीच्या चांदीत तांबं आणि जस्त जास्त असतं, नाही तर ती आधी वितळणारच नाही. यंत्राचा झोत कडीजवळ पडला तर आकडा झाळीचा येतो. वर घाम, तेल, धूर यांचा काळा थर. म्हणजे ज्या जिल्ह्यात रुपये सर्वांत जास्त आहेत तिथेच त्यांची परीक्षा सर्वांत अवघड होऊन बसली आहे, आणि हे सराफाला माहीत असतं. चांगला सराफ कडीच्या समोरच्या टोकाला, खालच्या कडेवर कस लावतो. तो तसं करतो की नाही, हे बघत उभं राहण्याचा हक्क माळ आणणाऱ्याचा आहे.

यंत्रावर माझा फार विश्वास नाही. यंत्र वाईट म्हणून नव्हे. ते वरचा अगदी पातळ थर वाचतं म्हणून. आत तांबं आणि वर जाड चांदीचा मुलामा असेल तर यंत्राला चांदीच दिसते. पाण्याला मात्र आतलं सगळं दिसतं.

पाण्याची परीक्षा घरी होते. लागतं काय, तर ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा खिशातला काटा, तो आता काही शे रुपयांत मिळतो. एक प्लास्टिकचा पेला, आणि शिवणाचा दोरा. नाणं आधी कोरडं तोला. समजा ११.६० भरलं. मग काट्यावर पाण्याने अर्धा भरलेला पेला ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाण्याला दोरा बांधून ते पाण्यात पूर्ण बुडेल असं हातात धरा; तळाला टेकता कामा नये, कडेला लागता कामा नये, अंगाला बुडबुडे चिकटलेले असतील तर हलवून सोडवा. काटा आता जो आकडा दाखवेल तो नाण्याने सारलेल्या पाण्याचा. जुन्या टंचाच्या रुपयाला तो १.१२ च्या आसपास येतो. ११.६० ला १.१२ ने भागलं की १०.३ किंवा १०.४, आणि अकरा-बारांश चांदीच्या मिश्रधातूची घनता तेवढीच आहे. १९४० नंतरचा रुपया १.२२ दाखवतो. गिलटाचा, म्हणजे तांबं-निकेल-जस्ताचा, त्याच वजनाचा तुकडा १.३३ च्या पुढे जातो. दोन दशांश ग्रॅमचा फरक आहे, पण काट्यावर तो ढळढळीत दिसतो, वाद घालायला जागा राहत नाही. कडी झाळलेली असेल तर आकडा थोडा वर सरकेल, १.१४ किंवा १.१५ होईल, १.३३ होणार नाही.

या परीक्षेला एकच पळवाट आहे. शिसं चांदीपेक्षा जड आणि कथील हलकं, त्यामुळे दोन्ही बेतानं मिसळली तर घनता बरोबर जुळवता येते. पण असा रुपया दाताखाली दबतो, कागदावर घासला तर राखाडी रेघ उठते आणि दगडावर टाकला तर मातीच्या ढेकळासारखा पडतो. पाण्याला फसवणारा कानाला फसवत नाही.

काटा नसेल तर त्याच नियमाचा गावठी उपयोग करता येतो. हलक्या धातूचं नाणं खऱ्याच्या वजनाचं करायचं तर ते जाड करावं लागतं. जाडी खऱ्याइतकी ठेवली तर ते हलकं पडतं. गिलटाचा रुपया खऱ्याच्या मापाचा केला तर दहा ग्रॅमही भरत नाही. तागडीत एका पारड्यात खात्रीचे दहा रुपये, दुसऱ्यात शंकेचे दहा. पारडी समान आली तर दोन्ही उतरंडी शेजारी लावून उंची पाहायची. वजनही सारखं आणि उंचीही सारखी, हे हलक्या धातूच्या खोट्याला जमत नाही.

धातू कळला की प्रश्न उरतो तो ठशाचा. लिहिता लिहिता माझ्यासमोर दोन रुपये आहेत. एक १९०७ चा, एडवर्डचा, चांगला झिजलेला. दुसरा १८८५ असं साल असलेला, बाजारात शोभेचा म्हणून मिळालेला. दहापट भिंगाखाली पहिल्यात राजाचा गाल सपाट झाला आहे, कानावरचे केस पुसले आहेत, पण दाढीच्या खोलगट भागात एकेक केस अजून वेगळा दिसतो. अक्षरांच्या भिंती सरळ उभ्या आहेत, मोकळी जागा गुळगुळीत. झीज उंच जागी आहे आणि खोल जागा शाबूत, बोटांनी आणि थैलीनं झिजलेल्या नाण्याचं हेच लक्षण. दुसऱ्यात राणीच्या मुकुटाचे बारकावे आणि झग्याच्या घड्या, उंच आणि खोल सगळंच सारखं बोथट. अक्षरं मुळाशी गोलाकार, जणू लोण्यातून काढलेली. मोकळ्या जागेत सुईच्या टोकाएवढी छिद्रं, ओतताना अडकलेल्या हवेची. कडेवर एका ठिकाणी दाते गायब आहेत आणि कानस फिरलेली दिसते. साच्याचे दोन भाग जिथे जुळले तिथली रेघ लपवायला. साचा करणाऱ्याने झिजलेला खरा रुपया घेऊन त्यावरून साचा काढला, त्यामुळे झीजही साच्यात उतरली.

साच्याची आणखी एक खूण आहे आणि ती माळेत हमखास कामाला येते. खऱ्या रुपयावर पडलेला चरा त्याचा एकट्याचा असतो. एकाच माळेत दोन रुपयांवर एकाच जागी, एकाच लांबीचा चरा किंवा खोक दिसली, तर दोन्ही एका साच्यातले. त्यासाठी तेजाब नको, काटा नको. माळ उन्हात धरून सगळे चेहरे एका ओळीत पाहिले की पुरे.

शोभेचा रुपया विकणारा गुन्हेगार नव्हे. आठवडी बाजारात गिलटाच्या माळा उघड गिलटाच्या भावाने विकल्या जातात, चांदी परवडेनाशी झाल्यापासून अंगावर तेच दिसू लागलं आहे, आणि घेणाऱ्या बाईला ते ठाऊक असतं. गोंधळ होतो एका पिढीनंतर. सासूने गिलटाची म्हणून घेतलेली माळ सून चांदीची म्हणून मोडायला आणते, किंवा जुन्या माळेत तुटलेल्या दोन-तीन रुपयांच्या जागी गिलटाचे ओवले जातात आणि कुणाला आठवत नाही कोणते ते. सराफाने एक गिलटाचा काढून दाखवला की बाई उरलेल्या सदतीस खऱ्यांबद्दलही गप्प बसते. माझ्या मते या व्यवहारातलं सगळ्यात मोठं नुकसान या गप्प बसण्यात आहे.

आता एक तिढा. असा खोटा रुपया असू शकतो का, की ज्यात चांदी पुरती आहे? असतो, आणि त्यामागे सरकारी धोरण आहे. १८९३ च्या जूनपर्यंत कुणीही चांदी घेऊन मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टाकसाळीत जावं आणि थोडी घडणावळ देऊन रुपये पाडून घ्यावेत, अशी मोकळीक होती. चांदीचा जागतिक भाव कोसळू लागला तशी ही मोकळीक बंद केली, पुढे रुपयाची किंमत एक शिलिंग चार पेन्स अशी बांधली. परिणाम असा झाला की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुपयातली चांदी रुपयाच्या निम्म्याहून थोड्याच अधिक किमतीची उरली. उरलेला नफा सरकारचा. आणि ज्याच्याकडे चांगला ठसा होता त्या खोटे पाडणाऱ्याचाही. त्याला शिसं भेसळायची गरज नव्हती, पुरत्या चांदीचा रुपया पाडूनही तो फायद्यात. पहिल्या महायुद्धात पारडं फिरलं, चांदी इतकी महागली की लोक रुपये वितळवतील म्हणून सरकारला मनाई करावी लागली आणि १९१७ मध्ये एक रुपयाची नोट काढावी लागली. पण मधल्या काळातले ते पुरत्या चांदीचे खोटे रुपये कुठे गेले? वितळले गेले असतील, किंवा माळांत असतील. संग्राहक त्यांना हात लावणार नाही. मोडीत मात्र ते खऱ्याच्याच भावाने जायला हवेत. तेव्हा सराफ जर म्हणाला की ठसा संशयास्पद आहे, तर त्याला विचारावं: शेठ, तुम्ही ठसा विकत घेताय की चांदी?

१९४१ ते १९४३ या काळात सरकारने व्हिक्टोरिया, एडवर्ड आणि जॉर्ज यांचे जुन्या टंचाचे रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून काढले. माळेतला रुपया तेव्हापासून रुपया म्हणून चालत नाही. तरी १८६० च्या दंड संहितेने चलनाबाहेर गेलेल्या नाण्यालाही संरक्षण ठेवलं होतं. कलम २३० मध्ये नाणं म्हणजे काय ते उदाहरणं देऊन सांगितलं आहे: कवड्या नाणं नव्हे, ठसा नसलेले तांब्याचे तुकडे पैशासारखे वापरले तरी नाणं नव्हे, पदकं नाणं नव्हे, पण फरुखाबादी रुपया आता चालत नसला तरी भारतीय नाणंच. कायद्याच्या पुस्तकात इतकं रसाळ कलम मी दुसरं वाचलेलं नाही. २०२४ च्या जुलैपासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. नकली नाणं पाडणं तिथेही गुन्हाच आहे.

कंपनीच्या नावाने चालणारा आणखी एक प्रकार नंदुरबारपासून नागपूरपर्यंत सगळीकडे आहे. एका बाजूला राम-लक्ष्मण-सीता किंवा हनुमान, दुसऱ्या बाजूला 'ईस्ट इंडिया कंपनी' आणि १६१६, १७१७, १८१८ असं लक्षात राहणारं साल. तांब्याचे असतात, पांढऱ्या धातूचेही. तांदूळ ओढून घेणारा, वीज धरणारा असल्या कथा सांगून ते लाखांना विकायचा प्रयत्न होतो. कंपनीने असं एकही नाणं पाडलं नाही. देवघरात ठेवायचे म्हणून ते केव्हातरी निघाले, तिथेच ठेवावेत.

राणीछापाच्या आधीचे, हाताने ठोकलेले रुपये माळेत क्वचित सापडतात. सुरत आणि बुऱ्हाणपूर, दोन्हीकडे मोगलांची टाकसाळ होती आणि त्या दोघांना जोडणारा रस्ता नंदुरबारवरून जात होता. पुढे चांदवडला होळकरांच्या अमलात पाडलेला चांदवडी रुपया खानदेशात चालला. या रुपयांना यंत्राच्या रुपयांचे नियम लावू नयेत. ठसा नाण्यापेक्षा मोठा असे, म्हणून अक्षरं अर्धी बाहेर गेलेली असतात. आकार वाकडा, कडेला दाते नाहीत, अंगावर सराफांनी तपासून मारलेल्या बारीक टोच्यांच्या खुणा. हे सगळे दोष म्हणजेच खरेपणाची लक्षणं. पूर्ण अक्षरं, गोल आकार आणि नवीकोरी चकाकी असलेला 'शिवकालीन' रुपया पाहिला की मी हात खिशात घालतो, पाकीट काढायला नव्हे, आवरायला. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली, त्यांतल्या दोन-तृतीयांशांहून अधिकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा वरून मारलेला होता. अडाणी नजरेला ती खराब झालेली नाणी वाटली असती. महाराष्ट्राच्या इतिहासातला एक मोठा विजय, गौतमीपुत्राचा नहपानावरचा, त्या दुहेरी ठशामुळे पक्का झाला. अशा जुन्या नाण्याची शंका असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. मुंबईत रिझर्व्ह बँकेच्या नाणेसंग्रहालयात खरी नाणी नजरेखालून घालता येतात. खोटं ओळखायला खरं पुष्कळ पाहिलेलं असावं लागतं. कौटिल्याने त्यासाठी 'रूपदर्शक' नावाचा स्वतंत्र अधिकारीच नेमायला सांगितला आहे.

शेतात नांगरताना हंडा सापडला, सरकारला कळायच्या आत स्वस्तात देतो, म्हणून येणाऱ्यांबद्दल वेगळं सांगायला नको. पण लोक अजून फसतात, आणि शिकलेले जास्त. नमुना म्हणून दिलेला रुपया नेहमी अस्सल असतो. तो सराफाकडे तपासा असं ते स्वतःच सांगतात. खोटी असते ती नंतरची थैली. १८७८ च्या कायद्याने दहा रुपयांहून अधिक किमतीचं सापडलेलं गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे, त्यामुळे हंडेवाला खरं बोलत असला तरी घेणारा अडकतो आणि खोटं बोलत असला तर पैसे जातात. मोबाइलवर 'राणीछाप द्या, लाख रुपये घ्या' म्हणणारेही त्याच जातीचे: आधी नोंदणीचे पैसे भरा, मग कराचे भरा. रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या ऑगस्टमध्येच जाहीर केलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही आणि त्यासाठी तिने कुणाला नेमलेलं नाही.

माळ मोडायचीच वेळ आली तर एवढं करा. घरीच रुपये सालाप्रमाणे लावा. १९३९ पर्यंतचे एका फडक्यात, १९४० ते ४५ चे दुसऱ्यात, वाघाचे आणि शंकेचे तिसऱ्यात. अधेल्या-पावल्या वेगळ्या काढा, त्यांच्या सालाचा आणि टंचाचा हिशोबही तपासूनच लावा. रुपये मोजून, शाळेत जाणाऱ्या पोराकडून सालांसकट कागदावर लिहून घ्या. राख, चिंच, पावडर काही लावून घासू नका, झिलई गेली की संग्राहकाकडे मिळणारे चार जास्तीचे पैसेही गेले. पेढीवर तिन्ही फडकी वेगवेगळी तोलायला सांगा आणि टंचही वेगवेगळा लावायला सांगा. गहाण ठेवत असाल तर घेणाऱ्याकडे सावकारीचा परवाना आहे का ते विचारा आणि पावतीवर नगांची संख्या, वजन आणि वर्णन लिहून घ्या. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याने परवाना सक्तीचा आहे. एखादा रुपया खोटा ठरवला गेला तर तो तिथे ठेवून येऊ नका, परत मागा. खोट्या रुपयाचं सराफाला काही काम नसतं. तो परत द्यायला जो खळखळ करतो, त्याच्या पेढीवरून उठा आणि माळ दुसरीकडे दाखवा.